फोनमध्ये पॅनोरमा असताना फोटो चिकटवून कोलाज कशाला? त्याने पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे एकाच जागेवरून सगळं पाहण्याची चौकट, खरंच मोडतं का?

पॅनोरमाने तेच काम होतं, हा समज मला मुळीच पटत नाही. पॅनोरमात फोन एका जागी फिरतो, सॉफ्टवेअर सगळे तुकडे एकाच बिंदूवरून पाहिल्यासारखे ताणतं आणि सांधे पुसून टाकतं. पंधराव्या शतकात इटलीतला वास्तुकार ब्रुनेलेस्की याने पर्स्पेक्टिव्ह दाखवण्यासाठी भोकाला एक डोळा लावून बघायला लावलं होतं, तेच इथे जरा रुंद झालं, एवढंच.

माणूस असा बघत नाही. समोरचा जेमतेम दोन अंशांचा भाग आपल्याला लख्ख दिसतो, नजर सेकंदाला तीनेक उड्या मारते, बाकीचं मेंदू जुळवतो. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी १९८२ पासून फोटोंच्या कोलाजमधून हेच कागदावर आणलं. एप्रिल १९८६ च्या ‘पेअरब्लॉसम हायवे’ या कोलाजसाठी ते रस्त्यावरच्या पाट्यांपर्यंत शिडी लावून चढले. म्हणून त्यात प्रत्येक पाटी समोरून, जवळून दिसते.

सोलापुरात करायचं तर पूर्व भागातला चादरीचा माग घ्या. दोन मागांमधल्या बोळात मागे सरकायला जागा नसते, वाइड लेन्सने माग वाकडा येतो. कोलाजमध्ये जकार्डची (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) भोकं पाडलेली पंचकार्डं मान वर करून, कापड वाकून, विणकराचे हात समोरून टिपता येतात. प्रत्येक तुकड्याचा लोपबिंदू (दूर जाणाऱ्या रेषा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू) वेगळा, आणि आडवा धागा नेणारा धोटा एका प्रिंटमध्ये डावीकडे तर शेजारच्यात उजवीकडे. वेळही चित्रात येते ती अशी.

फोन २एक्सवर ठेवा. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा, नाहीतर तीच चादर एका तुकड्यात पांढरी आणि दुसऱ्यात करडी येते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या ट्यूबलाइटखाली शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. त्याहून वेगवान ठेवलं की फोटोत पट्टे पडतात. शेजारच्या फोटोंत एक तृतीयांश भाग सामाईक हवा. मालकाची परवानगी घ्या, ओढणी आणि कॅमेऱ्याचा पट्टा आवळून घ्या, माग कुणासाठी थांबत नाही.

४×६ चे मॅट प्रिंट काढा, ग्लॉसी चमकतात. लॅबला ऑटो करेक्शन बंद ठेवायला बजावून सांगा, इथेच निम्मे कोलाज बिघडतात. ६० प्रिंटना सुमारे सव्वादोन फूट लांब-रुंद बोर्ड लागतो. पंखा बंद करून सगळं आधी नुसतं मांडा, सुरुवात नजर पहिली जिथे जाते तिथून, म्हणजे हातांपासून. कडा जुळणार नाहीत, हात मोठा आणि खांदा लहान येईल. कात्री लावू नका. फेविकॉलने प्रिंट गुंडाळतो, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा.

आणि सांधा दिसला म्हणून स्पर्धेत गुण कापणाऱ्या परीक्षकांना ठणकावून विचारा, की नजर कुठे थांबली आणि कुठून वळली हे त्या सांध्याशिवाय कळणार कसं? सांधा हीच या कामाची रेघ आहे. ती लपवायची असेल तर खुशाल पॅनोरमा काढा.

एक मात्र खरं, की डोळ्याला अशा चौकटी दिसत नाहीत, त्यामुळे कोलाज ही नजरेची हुबेहूब नक्कल नव्हे. आणि इमारतीची मापं समजावीत अशी नोंद हवी असेल, तर एका जागेवरून, सरळ धरलेला एकच फोटो कामाचा.