'मोहीम फत्ते', पण कोणती?

प्रश्न : इराक युद्धातल्या 'मिशन अकम्प्लिश्ड' या गाजलेल्या फलकाचं मराठी 'मोहीम फत्ते' करावं की 'उद्दिष्टपूर्ती'? 'मोहीम' हा शब्द 'मोह'वरून आला, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं का?

उत्तर : 'मोह'वरून! वक्त्यांच्या घरी कोश नसावा, किंवा असलाच तर तो कपाटाच्या पायाखाली असावा.

मोहीम म्हणजे स्वारी, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, ते सोडू. शब्द अरबी 'मुहिम्म', आपल्याकडे आला फारसीच्या हातून. मुहिम्म म्हणजे काळजी करायला लावणारी, म्हणून महत्त्वाची बाब. मूळ धातूत 'चिंता' आहे आणि 'मनाशी बेत धरणं'ही आहे. त्याच धातूतून 'हिंमत' आली : आधी नुसता इरादा, मग तो तडीस नेण्याची धमक. आणखी गंमत म्हणजे याच 'मुहिम्म'चं अनेकवचन तुर्कीत गेलं आणि तिथे त्याचा अर्थ झाला दारूगोळा. महत्त्वाच्या गोष्टींची यादी करायला बसलं की शेवटी काय उरतं, ते तुर्कांनी नेमकं ओळखलं.

माझं म्हणणं असं (मित्र हसतात, हसू देत) : मोहिमेतून बेत काढून घेतला तर धातूत उरते ती फक्त चिंता. इराकचंच घ्या. मार्च २००३ मध्ये अमेरिकी फौजा घुसल्या त्या महासंहारक अस्त्रं शोधायला. साप साप म्हणून भुई धोपटून झाली, साप निघाला नाही, तेव्हा लोकशाही आणायचं ठरलं. १ मे २००३ ला राष्ट्राध्यक्ष बुश 'अब्राहम लिंकन' या विमानवाहू जहाजावर उतरले, मागे तो फलक. त्यांच्या भाषणात ते दोन शब्द नव्हतेच. पुढे टिंगल सुरू झाल्यावर सांगण्यात आलं की फलक जहाजावरच्या खलाशांसाठी होता. तेवढ्यापुरता तो खराच होता म्हणा, जहाज दहाएक महिन्यांच्या सफरीवरून घरी परतत होतं. सैन्य मात्र २०११ च्या डिसेंबरात निघालं आणि २०१४ मध्ये पुन्हा हजर. जॉन स्ट्युअर्ट या विनोदवीराच्या कार्यक्रमात इराकच्या बातम्यांना 'मेस-ओ-पोटेमिया' असं नाव असे. मेसोपोटेमियातला (म्हणजे जुन्या इराकमधला) 'मेस', म्हणजे घोळ, दाखवायला एक अक्षरही वाया घालवलेलं नाही.

आता 'फत्ते'. अरबी 'फतह' म्हणजे उघडणं. वेशीचं दार उघडलं की शहर जिंकलं. 'फातिहा' त्यातलाच. ('फतवा' मात्र नव्हे. दोघांना सख्खी भावंडं ठरवणाऱ्यांनी शेवटचं व्यंजन तपासावं.) म्हणजे 'मोहीम फत्ते'चा शब्दशः अर्थ 'चिंतेचं दार उघडलं'. बगदादबद्दल यापेक्षा चोख भाषांतर मला तरी सुचत नाही.

शुद्धीवाले म्हणतील, 'मोहीम' परकी, 'अभियान' म्हणा. जरूर म्हणा. 'अभि' अधिक 'या' धातू, एखाद्याच्या दिशेने चालून जाणं. पोहोचण्याची अट त्यात कुठेच नाही, तेव्हा अफगाणिस्तानसाठी मी हा शब्द आनंदाने सोडतो : ७ ऑक्टोबर २००१ ला अमेरिकन तालिबानला हुसकावायला निघाले, ३० ऑगस्ट २०२१ ला शेवटचं विमान काबूलहून उडालं तेव्हा गादीवर तालिबान. येरे माझ्या मागल्या. आपल्या मुलूखगिरीला हवी तेवढी नावं ठेवा, पण निघालो कशाला हे साध्या स्वारालाही ठाऊक असे : चौथाई पंचवीस टक्के, सरदेशमुखी दहा.

'उद्दिष्टपूर्ती' राहिलीच. उद्दिष्ट म्हणजे बोट दाखवून सांगितलेलं. बोट दर सहा महिन्यांनी फिरत असेल तर पूर्ती कशाची म्हणायची? तेव्हा 'मोहीम फत्ते'च ठेवा. आणि वाहिन्यांच्या पट्ट्यांवर रोज 'मोहिम फत्ते' दिसतं तसं लिहू नका : मोहीम, 'ही' दीर्घ. ऱ्हस्व होतो तो 'मोहिमेवर' जाताना.