आधी फिडल ऐक, नकाशा नंतर

तुझ्या जादूच्या कादंबरीतल्या जगाचा नकाशा रंगवत बसलायस, तो जरा बाजूला ठेव. नॉर्वेचं हार्डांगर फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिनसारखं लोकवाद्य, ऐक, तेही अंधारात, हेडफोन लावून. वाजवायच्या चार तारांखाली आणखी चार-पाच असतात, आपल्या सारंगीच्या तरफांसारख्या. त्यांना गज लागत नाही, तरी त्या घुमतात. तुझ्या जंगलातही असं कुणीतरी हवं.

तिकडच्या लोककथेत धबधब्याखाली फॉसेग्रिम नावाचा जलात्मा राहतो. मांस वाहिलं तर फिडल शिकवतो, शिष्याची बोटं रक्ताळेपर्यंत तारांवरून ओढतो. मांस कमी पडलं तर नुसत्या तारा जुळवायला शिकवतो! जादूची किंमत कशी ठरवावी, हे मला माझ्या पाच पानी नियमावलीपेक्षा इथे जास्त कळलं. (ती नियमावली कुणी वाचलीही नाही म्हणा.)

उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी या आदिवासी लोकांच्या योइकबाबत, म्हणजे त्यांच्या पारंपरिक गाण्याबाबत, मात्र जपून. योइक एखाद्याविषयी गात नाहीत. त्या माणसालाच, त्या लांडग्यालाच गातात. मिशनऱ्यांनी ते पाप ठरवलं होतं, तरी ते टिकलं. त्याचे सूर उचलून तुझ्या चेटकिणीच्या तोंडी घालू नकोस. गाताच समोरचा हजर होतो, एवढी कल्पना घे आणि गाणं तुझं तू रच. लिहून झालं की मोठ्यानं वाच. जीभ अडखळेल तिथे खूण कर.