खलनायकालाही घर दे

गड्या, तुझी पटकथा वाचली. शेतकऱ्याचं कुटुंब जिवंत उतरलंय, पण तुझा कापूस व्यापारी पहिल्या दृश्यात मिशीवर ताव मारतो आणि शेवटच्या दृश्यातही तेच करतो. मग तो हरला काय नि जिंकला काय, प्रेक्षकाला काही वाटत नाही.

आपल्या यवतमाळकडचे खेडा खरेदीवाले, गावात येऊन कापूस घेणारे व्यापारी, पाहिलेस ना? पोरीच्या लग्नाला तेच पैसे देतात, रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायला तेच गाडी काढतात, आणि वेचणीच्या दिवसांत तेच "ओलावा आहे" म्हणत भाव पाडतात. तिन्ही गोष्टी एकाच माणसात दाखव. त्याला जिनिंगवाल्याचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीवाल्याचं, देणं असू दे. पहिल्यांदा काटा मारताना त्याचा हात अडखळू दे, दुसऱ्यांदा अडखळणार नाही. हा बदल दिसला तरच शेवटी भर गावात काटा तपासला जातो तेव्हा थेटरातल्या माणसाचा श्वास रोखला जाईल.

'सामना' चित्रपट मुद्दाम पुन्हा पाहा, १९७५ साली बर्लिन महोत्सवात गेलेला. निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव दारुड्या मास्तरला आसरा देतो आणि त्याच मास्तरचा "मारुती कांबळेचं काय झालं?" हा प्रश्न त्याला पोखरत जातो. आपल्याच पाहुण्याकडून अडचणीत येतो, म्हणून ते पडणं एवढं लागतं.

भूतकाळातलं दुःख सांगणारं लांबलचक भाषण मात्र घालू नकोस, फार घासून झालंय ते. पात्र बोलून नाही, निवड करून बदलतं. आधी व्यापाऱ्याच्या घरातलं एक दृश्य लिही, बायकोपुढे हिशोबाची वही उघडलेली. ते जमलं की शेवट पुन्हा लिहायला घे.