कृत्रिम प्रवाळभित्ती उभारल्याने झिजणारी बेटे खरोखर वाचतात का?

योग्य जागी उभारल्यास वाचू शकतात, आणि आपल्या देशातील याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे तमिळनाडूत तुतिकोरिनजवळ असलेले वान बेट. मन्नारच्या आखातातील 21 बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली आहेत. चुन्यासाठी व बांधकामासाठी अनेक दशके प्रवाळ खणून काढल्यामुळे लाटांचा जोर मोडणारी नैसर्गिक भिंतच तेथे नाहीशी झाली आणि वान बेटही झिजत गेले.

2015 पासून या बेटाच्या समुद्राकडील बाजूस कृत्रिम प्रवाळभित्ती म्हणून काँक्रीटचे हजारो सच्छिद्र ठोकळे तळावर बसवण्यात आले. ही छिद्रे फार महत्त्वाची आहेत, कारण भरीव भिंतीवर आदळून परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरते, तर छिद्रांतून जाणाऱ्या लाटेची शक्ती विरते, पलीकडे वाळू साचते, शिवाय माशांना आसरा आणि प्रवाळांच्या अळ्यांना चिकटण्यासाठी टणक पृष्ठभाग मिळतो. बेटाचे क्षेत्र त्यानंतर पुन्हा वाढू लागले, ही मला अतिशय आश्वासक गोष्ट वाटते.

मात्र समुद्राचे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडतात, त्यावर हा उपाय नाही. 2016 मध्ये याच आखातातील बरेच प्रवाळ तसे मृत झाले.