विश्वाला सुरुवात आहे, म्हणून ईश्वर आहे?

तुमचा युक्तिवाद थोडक्यात असा: जे सुरू होतं त्याला कारण असतं, महास्फोटातून विश्व सुरू झालं, म्हणजे ते सुरू करणारा कुणीतरी असलाच पाहिजे. वरवर बिनतोड वाटतो. मला तो पटत नाही, पण नास्तिक मंडळी ज्या घाईने त्याला निकालात काढतात तेही पटत नाही.

आधी मधलं विधान. सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत आलं आहे, एवढं महास्फोटाचा सिद्धांत सांगतो, आणि त्याला भक्कम पुरावा आहे. दीर्घिका एकमेकींपासून दूर जाताना दिसतात. सगळ्या दिशांनी येणारं साधारण 2.7 केल्विनचं पार्श्वप्रारण, म्हणजे त्या तप्त काळातून उरलेला मंद किरणोत्सर्ग, 1965 साली जाहीर झालं, तेव्हा तर शंका घ्यायला फारशी जागाच उरली नाही. पण हे चित्र उलटं फिरवत मागे गेलं की अगदी सुरुवातीच्या क्षणांशात सापेक्षता आणि पुंजभौतिकी (अतिसूक्ष्म कणांचं शास्त्र) यांची सांगड बसत नाही, समीकरणं हात टेकतात. त्याआधी काहीच नव्हतं, असं ती कुठेही म्हणत नाहीत. ते आपण त्यांच्या तोंडी घालतो.

महास्फोटाची कल्पना 1931 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते! 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या संशोधनात निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, तो मानूनही जडवाद्याला (फक्त जड पदार्थच खरा मानणाऱ्याला) ईश्वर नाकारता येतो, अशी त्यांची भूमिका होती. श्रद्धा पक्की असलेला माणूस हे म्हणतोय, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता पहिलं विधान. आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, तेच शतकानुशतकं लढवलं: पृथ्वी, अंकुर ही कार्यं, म्हणजे कारणातून घडलेल्या गोष्टी, आहेत, म्हणून त्यांना कर्ता आहे, जसा घटाला कुंभार. कुमारिल भट्टांनी यावर जे प्रश्न टाकले ते आजही झोंबतात. कुंभाराला देह असतो; ईश्वराला देह नसेल तर निर्मितीची इच्छा कुठून आली, आणि असेल तर तो देह कुणी घडवला? करुणेपोटी निर्मिती केली म्हणावं, तर करुणा करायला तेव्हा होतं कोण? लक्षात घ्या, कुमारिल नास्तिक नव्हेत, वेद प्रमाण मानणारे कट्टर मीमांसक, म्हणजे वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे तत्त्वज्ञ. आणि गंमत म्हणजे नैयायिकांचा ईश्वरही शून्यातून काही करत नाही. परमाणू त्यांच्या मते नित्यच आहेत, तो फक्त त्यांची जुळणी करतो.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो. ‘मग ईश्वराला कुणी केलं?’ हा टोला या युक्तिवादाला लागतच नाही, कारण तो सुरुवात असलेल्या गोष्टींपुरताच बोलतो. ‘पुंज निर्वातातून (पुंजभौतिकीतल्या रिकाम्या अवकाशातून) विश्व आपोआप आलं’ हेही उत्तर नाही. त्या निर्वातात क्षेत्रं असतात, नियम असतात. म्हणजे काहीतरी आधीपासून आहेच, आणि ते तरी का आहे हा प्रश्न शिल्लक राहतो.

शिवाय पहिलं कारण मान्य केलं तरी हाती येतं ते नुसतं कारण. ते जाणतं, इच्छा करतं, तुमची प्रार्थना ऐकतं, यातलं काहीच त्यातून निघत नाही. वादात बहुतेकजण ही उडी अलगद मारून जातात.

ईश्वराच्या बाजूने बोलायचं असेल तर सुरुवातीचा मुद्दा सोडा, असं मी सुचवेन. तेराव्या शतकातले ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी स्पष्ट म्हटलं होतं की जगाला सुरुवात होती हे निव्वळ तर्काने सिद्ध करता येत नाही, आणि तरीही ईश्वराच्या बाजूने युक्तिवाद केले. जग अनादि असलं तरी ते टिकून आहे ते कशाच्या आधारावर, हा त्यांचा खरा प्रश्न. तिथून वाद सुरू केलात, तर निदान उद्याच्या एखाद्या दुर्बिणीने तुमची बाजू कोसळणार नाही.