संमतीपत्र अजून फ्रिजवरच आहे (फेब्रुवारी २०२२ मधली प्रश्नोत्तरं)

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी दुसरीत आहे आणि गंमत म्हणा की काय म्हणा, पहिलीत ती शाळेत गेलीच नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सीनियर केजी बंद झालं ते झालंच, मग एकदम १६ डिसेंबर २०२१ ला पुण्यात पहिली ते सातवी सुरू झाली तेव्हा जेमतेम दोन आठवडे गेली आणि जानेवारी उजाडतोय तोवर ओमायक्रॉन या कोरोनाच्या नव्या प्रकारामुळे परत कुलूप. आता १ फेब्रुवारी २०२२ पासून चार तास शाळा भरतेय पण आम्ही मुलीला पाठवायचं संमतीपत्र दिलेलं नाही, फ्रिजवर मॅग्नेटखाली लटकतंय. मी म्हणते पाठवू, नवरा म्हणतो वर्ष संपत आलं आता कशाला, आणि घरात सासूबाई आहेत, वय ७२, डायबिटीस. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर रोज भांडण. कुणी म्हणतं मॉल चालू मग शाळेनंच काय घोडं मारलंय, कुणी म्हणतं आधी लहानांची लस येऊ दे, काल एकानं लिहिलं की तुमच्या नोकऱ्यांसाठी मुलांना पुढे करताय, तर चार आयांनी ग्रुपच सोडला (त्यातली एक मी). काय करू?
– एक आई, कोथरूड

उत्तर : पाठवा. आधीच सांगून टाकते, उगाच ताणत नाही.

माझी सगळी नोकरी प्राथमिकच्या वर्गात गेली. आमच्या बिल्डिंगमधली दुसरीतलीच एक पोर माझ्याकडे पाढे म्हणायला येते. परवा मी जरा खिडकीबाहेर बघत होते तर समोर बसून हात वर करून विचारते, "आजी, मी ऑडिबल आहे ना?" खूप हसले मी. मग तिची चाररेघी वही उघडली. पाच ओळी लिहायला वीस मिनिटं, पेन्सिल मुठीत धरलेली, 'क्ष'ला तर कुठून सुरुवात करायची तेच माहीत नाही. तोंडी विचारा, सगळं येतं. हाताला सवयच नाही लागलेली, आणि त्यासाठी बाईंनी मागून येऊन बोटं धरावी लागतात, ते मोबाईलवरून कसं करणार? म्हणून तुमच्या मिस्टरांना सांगा की दोन महिने खूप असतात, दुसरीतलं मूल दोन महिन्यांत ओळखू येणार नाही इतकं बदलतं.

लसीचं म्हणाल तर ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयाच्या मुलांची सुरू झाली, दुसरीतल्यांची तारीख अजून कुणीच दिलेली नाही. त्या लसीसाठी थांबायचं तर तिसरीही मोबाईलवरच जायची.

आता ग्रुपवर सगळे "शाळा" या विषयावर भांडतायत, तुम्हाला ठरवायचंय ते एका वर्गाचं आणि एका आजीचं. तर सही करायच्या आधी एकदा स्वतः जाऊन वर्ग बघून या. बाकावर फवारा मारतात का, दारात टेंपरेचर गन आहे का, हे बघून पालक फार खूश होतात, मला त्याचं विशेष कौतुक नाही. हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो, कोंदट खोलीत जास्त, त्यामुळे तुम्ही खिडक्या बघा. दोन्ही बाजूंच्या उघडतात का, पंखा चालतो का. काही नव्या शाळांत एसी वर्ग आणि काचा कायमच्या बंद असतात, तसं असेल तर माझं "पाठवा" मी मागे घेते. चार तासांचा फायदा एवढाच की डबा घरी येऊन खाता येतो, वर्गात सगळ्यांचे मास्क एकदम खाली येत नाहीत.

सासूबाईंची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण मिस्टर ऑफिसला जात असतील, तुम्ही भाजी आणत असाल, तर मुलीला एकटीला कोंडून आजी सेफ होत नाहीत. १० जानेवारी २०२२ पासून साठीच्या पुढच्या, डायबिटीससारखे आजार असलेल्या लोकांना लसीचा प्रिकॉशन, म्हणजे तिसरा डोस मिळतोय, दुसऱ्या डोसला नऊ महिने झालेले असले की झालं. एप्रिल २०२१ मध्ये झाला असेल तर त्यांचे भरलेत, आधी तो घ्या. मुलीला जरा शिंक-खोकला असला की घरी ठेवा, आणि शंभर टक्के हजेरीचं ते बक्षीस यंदा तरी कपाटात ठेवा म्हणून बाईंना माझा निरोप द्या.

आणि ज्यांच्या घरात कुणाची केमो वगैरे चालू आहे त्यांनी नाही पाठवलं तर त्यांना भित्रे म्हणू नका. तसंच "ऑनलाइन आहे की" म्हणणाऱ्यांनी घरी पोळ्यांना येणाऱ्या मावशींना विचारावं. घरात फोन एक, तो सकाळी नवऱ्याबरोबर कामावर जातो. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असं सरकार म्हणत होतं, मावशींच्या पोरीसाठी शाळा बंद म्हणजे सगळंच बंद होतं.

प्रश्न : मुलगा दहावीत. शाळा सुरू आहे पण जात नाही, म्हणतो परीक्षा बघा ऑनलाइनच होणार. रागवावं की सोडून द्यावं?
– एक बाबा, हडपसर

उत्तर : गेल्या वर्षी, २०२१ मध्ये, दहावीची परीक्षा रद्द झाली ना, ते पोरांच्या डोक्यात बसलंय. पण यंदा लेखी परीक्षा १५ मार्च २०२२ पासून आहे, अभ्यासक्रम २५ टक्के कमी केलाय आणि ८० मार्कांच्या पेपरला अर्धा तास जास्त दिलाय. जास्त का दिला ते त्याला विचारा, कारण बोर्डालाही कळलंय की पोरांचा लिहिण्याचा सराव गेलाय. रागवू नका. रविवारी सकाळी डायनिंग टेबल रिकामं करा, मोबाईल तुमच्या खिशात ठेवा, मराठीचा जुना पेपर आणि साडेतीन तासांचं घड्याळ त्याच्यासमोर ठेवा. दीड तासात मनगट धरून बसेल. सोमवारी शाळेत जायचं की नाही ते मग त्यालाच ठरवू द्या.