शाळा, समुपदेशक, डॉक्टर आणि सरकारी कक्ष या सगळ्यांचा मेळ कोणी घालतं का, की घरच्यांनीच घालायचा?

तुम्ही लिहिलंय की चुलत बहिणीचा नवरा गेल्या वर्षी गेला. तिचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेत मारामाऱ्या करतो. शाळा समुपदेशकाकडे पाठवते, समुपदेशक डॉक्टरकडे, डॉक्टर म्हणतात घरचं वातावरण बघा, आणि योजनेचे कागद भलत्याच कार्यालयात. हे सगळं एकत्र बघणारं कोणी असतं का?

असतं, कागदावर. महिला व बालविकास विभागाचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी असतो आणि 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल कल्याण समिती असते. समितीपुढे आलेल्या मुलाची वैयक्तिक काळजी योजना करायची असते. शिक्षण, तब्येत, मनाची अवस्था, घर, सगळं त्या एकाच नमुन्यात. तो नमुना मी पाहिलाय, चांगला आहे. भरलेला अजून पाहायचाय.

आता माझं सांगतो. मी विदर्भातल्या एका खेड्यात डाकसेवक आहे. जिल्हा मुद्दाम लिहीत नाही.

2017 साली, बोंडअळीच्या वर्षी, दिवाळीनंतर माझ्या मोठ्या भावाने जीव दिला. मागे वहिनी, तिसरीतला मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. मुलाला इथे बंटी म्हणतो, खरं नाव ते नाही. महिनाभर पोरगा अगदी शहाण्यासारखा वागला. पाहुणे म्हणायचे, किती समजदार आहे. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं, जे तीन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. पोट दुखतं म्हणून शाळेत जाईना. गेला त्या दिवशी कंपासपेटी फेकून एका पोराचं कपाळ फोडलं.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून दाखला काढून न्या म्हणून सांगितलं. (शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 म्हणतं की आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तुम्ही आत्ताच लिहून ठेवा.) नशिबाने त्याच आठवड्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं. दात, डोळे, रक्त कमी आहे का, हे बघायला ते वर्षातून एकदा येतात. त्यातल्या डॉक्टरबाईंनी बंटीला दोन मिनिटं जास्त दिली आणि जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. तिथून आमची वारी सुरू झाली.

मानसोपचाराची ओपीडी मंगळवारी. बालसंगोपन योजनेचे (अशा मुलाला घरीच वाढवायला सरकार महिन्याला पैसे देतं ती) कागद घेणाऱ्या संस्थेचा माणूस गुरुवारी भेटायचा. समिती बसायची तिसऱ्याच दिवशी. प्रत्येक खेपेला एसटीची अडीच तिकिटं आणि वहिनीची एक मजुरी बुडायची. योजनेत तेव्हा महिन्याला 425 रुपये मिळायचे. (पुढे 1100 झाले, 2023 पासून 2250 आहेत.) म्हणजे ते 425 मिळवायला आम्ही किती घातले याचा हिशोब मी केला नाही, करणारही नाही.

पैशाचं जाऊ द्या. मला टोचलं ते वेगळंच. मुख्याध्यापकांनी विचारलं, बाळ, बाबांना काय झालं? मग पथकातल्या बाईंनी विचारलं. मग ओपीडीत, मग घरी चौकशीला आलेल्या माणसाने. पाचव्यांदा समितीपुढे. पोरगा उभा राहिला, हात मागे घेतले आणि पाढे म्हणावेत तसं एका सुरात म्हणाला, "माझे बाबा वारले. शेतात वारले. मी शाळेत होतो. मला काकांनी सायकलवर आणलं." सायकलवर आणल्यापर्यंत आला की थांबायचा. तेवढंच त्याला पाठ झालं होतं. समोरचे एक सदस्य म्हणाले, हुशार आहे पोरगा.

त्या संध्याकाळी मी बसस्टँडवरून शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिलं: वडिलांबद्दल मुलाला पुन्हा विचारू नये, सगळं खाली लिहिलंय, काही कमी वाटलं तर मला बाहेर बोलवून विचारा. खाली पंधरा-वीस ओळी. पुढच्या पानांवर रकाने आखले: तारीख, कुठे गेलो, कोण बोललं, काय सांगितलं, पुढे कधी यायचं. शेवटच्या पानापासून उलटं घरचं लिहायला लागलो: अंथरूण ओलं की कोरडं, जेवला का, शाळेत गेला का, रात्री ओरडला का. रोज एक ओळ.

ओपीडीतल्या डॉक्टरांनी आधी मी तक्रार करायला वही आणली असंच धरलं. मग वाचली. उलट्या बाजूनेही वाचली. आणि बंटीला सोडून वहिनीकडे वळले. "ताई, तुम्हाला झोप लागते?"

वहिनी म्हणाली, "लागते न. पायटी चार वाजता लागते."

सहा महिने आम्ही तिला सोबत नेत होतो, बाकावर बसवत होतो, पोराची पिशवी धरायला देत होतो. तिच्या नावाचा केसपेपर कोणीच काढला नव्हता. मीही नाही. त्या दिवशी काढला. गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस काहीच फरक पडला नाही म्हणून ती बंद करणार होती. परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात हे तिला कोणीतरी नीट सांगायला हवं होतं, मग मनोविकार विभागातल्या समाजसेविकेने फोनवर सांगितलं. बंटीला मात्र एकही गोळी दिली नाही. वहिनी सकाळी उठून चूल पेटवायला लागली तेव्हा त्याच्या अंथरुणाच्या ओळी कोरड्या व्हायला लागल्या. वहीत तारखा आहेत, मनचं सांगत नाही.

बालसंगोपनाच्या अर्जाला मुलाचा पालकासोबत घरासमोर काढलेला फोटो लागतो. बंटी म्हणाला, बैल असले तरच उभा राहतो. बापाचे बैल. मी म्हटलं राहू दे. कारकुनाने फोटो परत केला, जनावरं नकोत म्हणून. दुसरा फोटो काढेपर्यंत बैल विकले गेले होते.

आता मामांबद्दल. वहिनीच्या भावाचं पहिल्या दिवसापासून एकच म्हणणं, "पोट्ट्याले होस्टेलात टाका, सहा महिन्यात लायनीवर येते. अन् तिले आमच्या घरी धाडा." तेराव्याला म्हणाले, पोळ्याला म्हणाले, समितीपुढेही म्हणाले. मी चारचौघांत त्यांना बोललो, तेव्हापासून आमचं जाणं-येणं बंद आहे. आज पुन्हा बोलतो. बाप गेलेल्या पोराला आईपासून तोडणं याला शिस्त म्हणत नाहीत. आणि हे एकट्या माझं मत नाही. बालसंगोपन योजना आहेच मुळी मूल संस्थेत न जाता घरात वाढावं म्हणून. बाल न्याय कायद्यातही संस्था हा शेवटचा उपाय आहे. पोरगा बिघडलाय म्हणून होस्टेल शोधणाऱ्यांना खरं तर आपला त्रास कमी करायचा असतो. मामांनी हे वाचलं तर वाचू द्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच राहिलं, हे कळतंय मला. मेळ घालायला माणूस नेमलेला आहे, पण त्याच्याकडे अख्खा जिल्हा आहे. तुमच्या बहिणीचा एकच पोरगा आहे, म्हणून वही तुम्ही धरा. तिला धरायला लावू नका, ती आत्ताच काठावर असेल. बाल संरक्षण कक्षात गेलात की "मदत करा" एवढंच म्हणू नका. बालसंगोपनाचा अर्ज द्या, काळजी योजनेची मागणी लेखी द्या, पोच घ्या. डाकेतला माणूस म्हणून सांगतो, पोच नसलेलं पत्र टाकलंच नाही असं समजा. मधल्या दिवसांत बोलायला कोणी हवं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. आमच्या वेळी तो नव्हता.

एक चूक माझीही झाली, ती सांगायलाच हवी. विश्वास म्हणून मी अख्खी वही वर्गशिक्षकांना वाचायला दिली. त्यात वहिनीच्या गोळ्यांची नावं होती. आठवड्याच्या आत पोरं बंटीला "गोळीवाला" म्हणायला लागली. कोणी सांगितलं कळलं नाही, शिक्षक नाही म्हणतात, असेलही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची आहे. डॉक्टर ती पाळतात, मोडली मी. तेव्हा शाळेसाठी वेगळा कागद करा. त्यावर एवढंच असावं: राग आला तर याला दहा मिनिटं बाहेर बसू द्या, सगळ्यांसमोर ओरडू नका, अमुक माणसाला फोन करा. निदान नको, औषध नको.

अजून एक. माझ्या वहीची गोष्ट बाप गेलेल्या घराची आहे. घरातच कोणी मुलाला मारत असेल, किंवा त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर वही-बिही बाजूला ठेवा आणि थेट मुलांच्या मदतीच्या 1098 या नंबरला फोन करा. लैंगिक अत्याचाराचं कळवणं पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना त्यापासून वाचवणाऱ्या कायद्याखाली, बंधनकारक आहे, घरची अब्रू वगैरे मधे आणू नका. मूल किंवा आई जीव देण्याचं बोलत असेल तर मंगळवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि शहरात असाल तर तुमच्याकडे यापेक्षा बऱ्या सोयी असतील, मला तिथलं माहीत नाही.

बंटी आता आयटीआयला आहे, मोटार रिवायंडिंग शिकतो. राग अजून येतो. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात मामा भेटले, सात वर्षांनी. पंगतीत शेजारीच बसले. बंटी बुंदी वाढत होता त्याच्याकडे बघून म्हणाले, "मी म्हनलो होतो ना, पोट्टं चांगलं निंघन." मी म्हटलं, वाढ रे त्यांना अजून.